म्यूऑनच्या मोजमापाने सुपरसिमेट्रीचा निकाल लागला का?

घंटाळीकर
रविवारी नौपाड्यात व्याख्यान होतं. वक्ते म्हणाले, सुपरसिमेट्रीचं, म्हणजे प्रत्येक मूलकणाला एक न सापडलेला जोडीदार असतो या कल्पनेचं, तेरावं उरकून टाका. मला शंभर टक्के पटलं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅबने म्यूऑनचं (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) 'जी वजा दोन', म्हणजे त्याच्या चुंबकत्वातला बारीकसा जादा अंश, मोजलं, स्टँडर्ड मॉडेल या प्रचलित सिद्धांताशी ४.२ सिग्माचा (निव्वळ योगायोगाने क्वचितच पडेल एवढा) फरक निघाला, आणि हे सुपरसिमेट्रीवाले लगेच म्हणाले, आमच्याच कणांची करामत! जून २०२५ मध्ये अंतिम आकडा आला, अचूकता अब्जात १२७ भाग. फरक गायब. आता काय उरलं?

ऐरोलीची_अनघा
काका, प्रयोगाचा आकडा हललेलाच नाही. ब्रूकहेवन प्रयोगशाळेचा जुना आणि फर्मीलॅबचे सगळे एकमेकांशी जुळतात. हलला तो सिद्धांताचा. म्यूऑनभोवती क्षणभर उमटणाऱ्या हॅड्रॉनांचा (क्वार्कांनी बनलेल्या कणांचा) वाटा आधी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या नोंदींवरून काढायचे. २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-३ प्रयोगाने त्या जुन्या नोंदींशी न जुळणारे आकडे दिले. २०२५ च्या सिद्धांत-अहवालाने मग लॅटिस गणिताचा (अवकाश-काळाची जाळी धरून संगणकावर केलेल्या हिशेबाचा) आधार घेतला, आणि फरक मिटला. म्हणजे सुपरसिमेट्रीच्या बाजूचा एक साक्षीदार फितूर झाला, एवढंच. आरोप शाबित कुठे झाला?

घंटाळीकर
एकच साक्षीदार? २०२२ मध्ये फर्मीलॅबच्याच सीडीएफ प्रयोगाने डब्ल्यू बोसॉन (अशक्त बलाचा वाहक कण) अपेक्षेपेक्षा जड सांगितला, तेव्हाही हेच लोक धावले. २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगाने त्याचं वस्तुमान ८०,३६० एमईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं एकक) मोजलं, स्टँडर्ड मॉडेलला साजेसं. बी-एस मेसॉन नावाचा कण फुटून दोन म्यूऑन होण्याचं प्रमाण अब्जात तीनच्या आसपास, तेही अपेक्षेबरहुकूम. ग्लुइनोच्या (ग्लुऑनच्या कल्पित जोडीदाराच्या) बऱ्याच शोधांत 'याहून हलका नाही' ही मर्यादा २ टीईव्हीच्या (एक टीईव्ही म्हणजे दहा लाख एमईव्ही) पुढे गेली. दरवेळी "थोडं जड असेल"!

वाशी_ब्रिज
अनघाताई, एक भर घालतो. फरक नाही हीसुद्धा माहितीच आहे. स्लेप्टॉन (इलेक्ट्रॉन-म्यूऑनसारख्या कणांचे जोडीदार) हलके आणि टॅन बीटा (या सिद्धांतातला एक मापदंड) मोठा असेल, तर म्यूऑनचा आकडा बिघडायला हवा होता. तेवढा कोपरा साफ झाला. चार-पाच आकड्यांत सगळं बसवणारी साधी आवृत्ती तर केव्हाच अडचणीत आहे. सगळी सुपरसिमेट्री मात्र नाही. एमएसएसएममध्ये, म्हणजे सुपरसिमेट्रीच्या किमान पूर्ण आवृत्तीत, शंभरावर मापदंड (बदलता येणारे आकडे) आहेत.

घंटाळीकर
शंभर मापदंड घेऊन कुठलाही आकडा जुळवता येतो, हीच तर माझी तक्रार!

ऐरोलीची_अनघा
कुठलाही नाही! एमएसएसएमला सर्वांत हलका हिग्ज (मूलकणांच्या वस्तुमानाशी जोडलेला कण) साधारण १३५ जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) आतच लागतो. २०१२ मध्ये सापडला १२५ ला. १५० निघाला असता तर मीच तुमच्यासोबत तेराव्याला आले असते.

वाशी_ब्रिज
पण ताई, १२५ गाठायला टॉप क्वार्कचा जोडीदार, स्टॉप, बराच जड घ्यावा लागतो. हिग्जचं वस्तुमान आपोआप आवाक्यात राहावं म्हणून ही सगळी मांडणी. तीच मग बारीक जुळवाजुळवीवर येते. मला हे म्यूऑनपेक्षा जास्त बोचतं. वक्त्यांनी यावर चकार शब्द काढला नाही का?

घंटाळीकर
नाही. चहा आला तेव्हा.

ऐरोलीची_अनघा
जुळवाजुळव म्हणजे नापसंती, खंडन नव्हे. आणि टकरींच्या जुन्या नोंदी अन् लॅटिस यांचं भांडण मिटलेलं नाही. सर्नमध्ये म्यूऑन इलेक्ट्रॉनांवर आदळून हॅड्रॉनांचा वाटा वेगळ्याच वाटेने मोजायची तयारी चालू आहे. तो आकडा जुन्या नोंदींच्या बाजूने पडला तर फरक परत येईल. तेव्हा हॉल बुक कोण करणार, काका?