कोकण किनाऱ्यावर फुकट तंबूच्या जागा: यादी उघड करावी का?

सायकलवारी (धागाकर्ता)

जानेवारीत दिघी ते रेडी सायकलने केलं. बारा दिवस, अकरा रात्री. त्यांतल्या सात रात्री तंबूत काढल्या आणि त्या सातही रात्रींना एक रुपया द्यावा लागला नाही. परत आल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, जागा कुठल्या? म्हणून इथे मांडतो. रेवसपासून रेडीपर्यंत जिथे तंबूचे पैसे पडत नाहीत अशा जागांची यादी आपण मिळून करावी का? माझं मत: करावी.

पहिलं कारण पैशाचं. शनिवारी संध्याकाळी समुद्राजवळच्या साध्या खोलीला मला दोन-अडीच हजार सांगितले गेले. कॉलेजच्या मुलांनी, सायकलवाल्यांनी, किनारा पायी चालणाऱ्यांनी मग यायचंच नाही का? दुसरं म्हणजे भरतीरेषेखालची जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारची, म्हणजे सगळ्यांची. शेकडो किलोमीटर किनारा आहे आपल्याला. त्यावर एक रात्र पाठ टेकायला माणसाला पाकीट उघडावं लागू नये.

माझ्या सात रात्री अशा: दोन देवळांच्या आवारात, एक शाळेच्या व्हरांड्यात (रविवार होता, गुरुजींना आधी फोन केला), दोन सुरूच्या बनात, एक जेटीवर मच्छीमार सोसायटीच्या शेडला लागून आणि एक उघड्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर). ती शेवटची चुकली. पौर्णिमा आहे हे डोक्यातच नव्हतं. रात्री अकराच्या सुमारास पाणी तंबूच्या खुंट्यांपर्यंत आलं आणि अंधारात सगळं उचलून पळालो. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अलिबागच्या बाजूला हा हिशोब चांगला जमतो, मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती त्याच्या आधीच लागते. यादीत मला हेच हवंय: जमीन कुणाची, गोडं पाणी कुठे, विचारायचं कुणाला, उधाणाचं पाणी कुठवर चढतं.

पुळणकर (देवगड तालुका)

माझा विरोध आहे, आणि का ते सविस्तर सांगतो.

आमच्या वाडीची रापण अजून चालू आहे. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकांना माणसं अनवाणी, वाळूत टाचा रोवून, मागे मागे सरकत दोर ओढतात. मागे सरकताना पायाखाली बघता येत नाही. गेल्या डिसेंबरात आठ-दहा जण रात्री तंबू टाकून राहिले. सकाळी गेले. बाटल्या फोडून वाळूत पुरल्या होत्या. माझ्या काकांच्या टाचेत काच गेली, नऊ टाके पडले, ऐन हंगामात तीन आठवडे घरात बसले. रापणीत दोराला हात लागला तर वाटा. त्या तीन आठवड्यांचा वाटा गेला. तुमच्या 'फुकट' रात्रीचे पैसे कुणी भरले ते यात आलं.

जमीन सरकारची, मान्य. पण पुळणीवर होडी कुठे ओढायची, जाळी कुठे वाळत घालायची, सुकी मासळी कुठे पसरायची हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं आहे. त्यावर पाटी नाही, कुंपण नाही. बाहेरून येणाऱ्याला ती मोकळी जागा दिसते.

तुम्ही विचारून राहिलात, तुमच्याबद्दल तक्रार नाही. विचारणाऱ्याला आम्ही चहा पाजतो, पाणी देतो. पण तुम्ही जागेचं नाव लिहिलंत की पुढचे चाळीस जण तुमच्या यादीला विचारून येतील, आम्हाला नाही.

दोघी बहिणी (पुणे)

पुळणकर, काकांच्या पायाचं वाचून फार वाईट वाटलं. तरीही मी यादीच्या बाजूने आहे.

"विचारून रहा" हे पुरुषाला जितकं सोपं तितकं आम्हाला नाही. मी आणि धाकटी बहीण स्कूटरवर फिरतो. संध्याकाळी साडेपाचला गावात पोचायचं, मोबाइलला रेंज नाही, टपरीवर विचारायचं. त्या क्षणी टपरीवरच्या पंधरा जणांना कळलेलं असतं की आज दोन बायका उघड्यावर झोपणार आहेत. एकदा असं विचारल्यावर रात्रभर दुचाक्या फेऱ्या मारत होत्या. काही झालं नाही, पण आम्ही आळीपाळीने जागलो. यादीत "अमुक देवळाच्या आवारात चालतं, पुजाऱ्यांच्या घरात सांगा, घरातल्या काकू न्हाणीघर देतात" एवढं लिहिलेलं असतं तर आम्ही थेट त्या काकूंकडे गेलो असतो.

आणि माहिती लपवल्याने माणसं यायची थांबत नाहीत, ती अंधारात येतात. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. कुठे ओढ आहे, कुठे खोल आहे, हे गावाला ठाऊक असतं, बाहेरच्याला नसतं. मला ते लिहिलेलं हवंय.

किनाराराखण (दापोली)

मी सहा हंगाम पहाटे कासवांच्या घरट्यांसाठी किनारा चालतो. यादी करा किंवा करू नका, पण एक समजून घ्या: तुमचा तंबूचा हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच आहे. नोव्हेंबर ते मार्च माद्या अंडी घालायला येतात, पिल्लं मेपर्यंत निघत राहतात.

ऑलिव्ह रिडले रात्रीच येते. पुळणीवर उजेड किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालता परत फिरते. आली तर शंभरेक अंडी, आणि पिल्लं पन्नासएक दिवसांनी. पिल्लू वाळूतून वर आलं की सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतं. त्याच्या हिशोबात तो समुद्र असतो. तंबूतला एक एलईडी कंदील त्याला उलट्या दिशेने, सुरूच्या बनात नेतो, आणि सकाळी कावळे असतात. उरलेला रस्सा-भात वाळूत पुरणारे तर फार. त्या वासाने कुत्री आणि कोल्हे येतात, भात उकरतात आणि मग शेजारचं घरटंही. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली कासवं राखायचं काम सुरू केलं, तेव्हा अंडी चोरणाऱ्या माणसांना समजवावं लागलं होतं. ती माणसं आज राखण करतात. आता पाहुण्यांना समजवायचं का?

वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर, तिकडे वायंगणी, तोंडवळी. घरटी होणारी कुठलीही पुळण यादीत नको. आणि कृपा करून मर्यादवेलीवर तंबू ठोकू नका. तिच्या मुळांनी वाळूचा बांध धरलेला असतो. मर्यादवेल जिथे सुरू होते तिथवर उधाण येतं, इतकं तिच्यावरून वाचा आणि तिच्या मागे जा.

चुलीवरचं (गुहागर)

आमचं न्याहारी-निवास आहे, त्यामुळे माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगते. आमच्या आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत) कुणी तंबू टाकला तर माणशी ३०० रुपये घेतो. त्यात न्हाणीघर, शौचालय, विहिरीचं पाणी, सकाळी पोहे किंवा घावन.

सगळे कचऱ्यावर बोलतात, शौचाबद्दल कुणी बोलत नाही. वीस माणसं सकाळी सुरूच्या बनात जातात. वाळूत मुरतं ते जातं कुठे? किनाऱ्याजवळच्या आमच्या विहिरींत गोड्या पाण्याचा एक थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा जास्त झाला की मे महिन्यात पाणी मचूळ होतं. त्या थरातच वरून घाण उतरते. ३०० रुपये हे तंबूचं भाडं नाही, शौचखड्ड्याचा आणि पाण्याचा खर्च आहे.

रेतीचा कण

चुलीवरचं ताई, तुमचे ३०० योग्यच आहेत. पण माणशी १५०० घेणारे तंबू त्याच पुळणीवर लागतात, त्याचं काय? मी गेलो तिथे सुरूच्या बनात तीस तंबू रांगेत, जनरेटर, झाडांना दिव्यांच्या माळा, रात्री एकपर्यंत स्पीकर. चालवणारा मुंबईचा. गावातल्या दोन मुलांना मजुरी, बाकी काही नाही. कासवाला पैसे भरलेला उजेड वेगळा दिसतो का? सायकलवर येणाऱ्या एकट्या माणसाला नियम सांगण्याआधी त्यांना सांगा.

पुळणकर

त्यांनाही विरोध आहे. आमच्या शेजारच्या गावात ग्रामसभेने ठराव केला, तरी जनरेटर चालू आहे. म्हणूनच आम्हाला यादीची भीती वाटते. पहिल्या वर्षी फुकट तंबू येतात, दुसऱ्या वर्षी जागा "प्रसिद्ध" होते, तिसऱ्या वर्षी कुणीतरी पैसेवाला येऊन तीस तंबू लावतो.

कातळभटक्या

किनाऱ्यावर एवढी अडचण आहे तर वर सड्यावर, कातळाच्या पठारावर रहा की. वारा, आकाश, खाली समुद्र, एकही माणूस नाही.

किनाराराखण (दापोली)

नको! सड्यावर कातळशिल्पं आहेत. बारसू, उक्षी, देवीहसोळ, कशेळी, रुंढे तळी. २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नावं गेली. जांभ्यात कोरलेल्या रेषा बोटभर खोल असतात, काही तर तेवढ्याही नाहीत. रात्री त्या दिसतही नाहीत. त्यावर शेकोटी पेटवली की दगड तडकून पापुद्रा सुटतो. शिवाय रत्नागिरी-देवगडचा कातळ म्हणजे फुरशांचं घर. रात्री चप्पल न घालता, बॅटरी न घेता तिथे फिरायचं नाही, आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरचं औषध (अँटिव्हेनम) आहे हे आधी विचारून ठेवायचं.

केर्न्सकर (क्वीन्सलंड, ऑस्ट्रेलिया)

मूळचा मालवणचा, नऊ वर्षं उत्तर क्वीन्सलंडमध्ये आहे. इथलाही किनारा उष्ण, पण दूरचा आणि विरळ वस्तीचा. फुकट मुक्कामाच्या जागांच्या याद्या इथे सगळ्यांच्या फोनमध्ये असतात. पण त्या जागा मोकळ्या सोडलेल्या नसतात. रस्त्याकडेच्या विश्रांतीस्थळांवर किती तास थांबता येईल ते पाटीवर लिहिलेलं असतं, राष्ट्रीय उद्यानात तंबूला परवाना लागतो. उत्तरेला खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून पाण्यापासून किमान पन्नास मीटर दूर आणि भरतीरेषेपासून दोन मीटर उंच तंबू ठोकायचा असा सरकारी सल्ला आहे. तो लहान मुलांनाही पाठ असतो.

माझ्या पाहण्यातल्या दोन फुकट जागा घाणीमुळे बंद झाल्या. म्हणजे माणसं सगळीकडे सारखीच आहेत. फरक एवढा की इथे यादीतल्या प्रत्येक जागेमागे कुणीतरी जबाबदार आहे, आणि ती बंद करायचा अधिकार त्याला आहे. तो अधिकार आपल्या ग्रामपंचायतीला खरोखर मिळाला तर मी यादीच्या बाजूने. आज आहे तशा परिस्थितीत पुळणकरांच्या.

दोघी बहिणी (पुणे)

गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि दारू पिण्यावर दंड लावला, एकट्याला दोन हजार, गटाला दहा हजार. दंड वागणुकीला लावलाय, येण्याला नाही. मला तोच मार्ग पटतो. जागा लपवली की शिक्षा आम्हालाही होते, बाटली फोडणाऱ्यालाही.

सायकलवारी (धागाकर्ता)

काल रात्रीपासून सगळं दोनदा वाचलं. माझ्या सातपैकी एक सुरूचं बन घरटी होणाऱ्या पुळणीला लागून आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिथे कंदील लावून डायरी लिहीत बसलो होतो. ती जागा आता कुणालाही सांगणार नाही.

यादीवरचा माझा हट्ट सुटलेला नाही, पण तिचं रूप बदलतो. जागा नाहीत, गावं. तीही आपण निवडायची नाहीत. ज्या ग्रामपंचायतीने किंवा देवस्थानाने स्वतः होकार दिला आणि विचारायचं कुणाला ते कळवलं, तेवढीच. एका रात्री किती तंबू तेही त्यांनीच ठरवायचं. होकार मागे घेतला की नाव काढायचं. फुकट की पैसे, हेही त्यांच्यावर सोडतो. आणि सोबत दुसरी यादी, कुठे अजिबात नको याची. ती किनाराराखण यांनी तयार करावी अशी विनंती. पुळणकर, तुमच्या गावाला विचारून बघाल?

पुळणकर

मी एकटा हो म्हणू शकत नाही. रापणकरांना आधी विचारावं लागेल, ते नाही म्हणाले तर विषय तिथेच संपला. काका तर नाहीच म्हणणार, आणि त्यांना मी आग्रह करणार नाही. १ मेच्या ग्रामसभेत विषय मांडतो. शाळेमागचं पटांगण देता येईल कदाचित, ते पुळणीपासून लांब आहे आणि बोअरवेल आहे. सहा तंबूंच्या वर नाही.

दोघी बहिणी (पुणे)

शाळेच्या शौचालयाची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही त्या सभेत विचाराल का? आणि ती एखाद्या बाईकडे ठेवता येईल का?