आयनीभवन ऊर्जा कमी म्हणजे मूलद्रव्य अधिक क्रियाशील, हे कितपत खरे?

प्रश्न:
आयनीभवन ऊर्जा जितकी कमी, तितके मूलद्रव्य अधिक क्रियाशील, असे मी शिकलो. लिथिअम ५२०, सोडिअम ४९६, पोटॅशिअम ४१९ आणि सीझिअम ३७६ किलोज्यूल प्रति मोल हे आकडे आणि या धातूंची पाण्याशी होणारी, क्रमाने अधिकाधिक तीव्र होत जाणारी अभिक्रिया पाहिली की ते पटते. मात्र फ्लोरिनची आयनीभवन ऊर्जा तब्बल १६८१ असूनही तो सर्वांत क्रियाशील अधातू आहे. मग हा नियम कसा समजून घ्यावा?

उत्तर १:
वायुरूप अणूतील सर्वांत सैल बांधलेला इलेक्ट्रॉन काढून घेण्यास लागणारी ऊर्जा एवढाच या राशीचा अर्थ आहे, त्यामुळे जी मूलद्रव्ये इलेक्ट्रॉन देऊन अभिक्रिया करतात त्यांच्याबाबतच ती थेट बोलते. फ्लोरिन इलेक्ट्रॉन घेतो. येथे एक बाब आवर्जून लक्षात घ्यावी: इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरिनचा अणू ३४९ किलोज्यूल प्रति मोल मुक्त करतो, तर फ्लोरिनचा ३२८ च. तरीही फ्लोरिन वरचढ ठरतो, कारण त्याच्या रेणूतील बंध तोडण्यास सुमारे १५८ पुरतात, क्लोरिनला मात्र २४२ लागतात. शिवाय फ्लोराइड आयन लहान असल्याने तयार होणाऱ्या संयुगातील आकर्षण अधिक बळकट असते.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण धातूंमध्येही हा एकच आकडा पुरत नाही. चांदीची पहिली आयनीभवन ऊर्जा ७३१, मॅग्नेशिअमची ७३८. तरीही हवेत प्रखर ज्योतीने जळतो तो मॅग्नेशिअम. घन धातूतून अणू सुटे करण्यास चांदीला सुमारे २८५ लागतात आणि मॅग्नेशिअमला १४७. मॅग्नेशिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढण्यास १४५१ खर्चावे लागतात हे खरे, परंतु दुहेरी प्रभाराचे आयन ऑक्साइडच्या स्फटिकात एकत्र येताना हा खर्च भरून निघतो. म्हणून संपूर्ण अभिक्रियेचा ऊर्जाहिशेब मांडल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग केवळ या आकड्यांवरून कधी काही योग्य अनुमान निघाले आहे का?

उत्तर १:
होय, आणि ते मला फार मोलाचे वाटते. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेते, हे रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना दिसले होते. त्या रेणूची आयनीभवन ऊर्जा सुमारे ११७५, आणि निष्क्रिय मानल्या गेलेल्या झेनॉनची ११७०, म्हणजे जवळजवळ तितकीच. या साम्यावर विसंबून त्यांनी १९६२ मध्ये झेनॉन आणि प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची वाफ एकत्र आणली आणि झेनॉनचे संयुग मिळाले. क्रिप्टॉनसाठी हाच आकडा १३५१ आहे, आणि त्याची ज्ञात संयुगे झेनॉनच्या मानाने मोजकीच आहेत.