मदत हवी आहे: 'विवियामोस' चूक कसं? (उद्या परीक्षा, लवकर सांगा)

चिंचगुळ | रात्री ९:०५
उद्या सकाळी दहाला स्पॅनिशची परीक्षा. क्लासच्या मॅडमनी माझ्या निबंधात 'विवियामोस'ला ('आम्ही राहत होतो') लाल गोल केलाय. इम्पर्फेक्तोचे (चालू किंवा सवयीच्या भूतकाळाचे) शेवट मला झोपेतही येतात, वहीत तीनदा ताडून पाहिलं, बरोबरच आहे. मग चूक काय? मॅडम फोन उचलत नाहीत. कृपया तक्ते टाकू नका.

ताकभात | ९:११
तक्ता देतो. मूळ रूप 'आर'ने संपणारी क्रियापदं: आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान. 'एर' आणि 'इर' दोन्हींना एकच: ईया, ईयास, ईया, ईयामोस, ईयाइस, ईयान. अपवाद अख्ख्या भाषेत तीनच: सेरचं (असणं) एरा, इरचं (जाणं) इबा, बेरचं (पाहणं) बेईया. इतका गुणी काळ शोधून सापडणार नाही. तुमचं रूप बरोबर आहे, मॅडमची चूक.

चिंचगुळ | ९:१३
तक्ता नको म्हटलं होतं ना!!

शुद्धलेखनकाका | ९:१६
मुळात 'विवियामोस' नाही, 'बिबीयामोस'. स्पॅनिशमध्ये व आणि ब यांचा उच्चार एकच. आणि 'हाब्लार' (बोलणं) म्हणणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, त्यातला ह मुका असतो. आब्लार.

चिंचगुळ | ९:१८
काका, लेखी परीक्षा आहे.

ग्वादालाहाराकर | ९:२४
ताई, पूर्ण वाक्य द्या. नुसत्या क्रियापदावरून काळ चूक की बरोबर हे कुणालाच सांगता येणार नाही.

चिंचगुळ | ९:२६
लहानपणीचं वर्णन आहे हो. आम्ही साताऱ्यात राहत होतो, एवढंच. लहानपण आलं की इम्पर्फेक्तो, हे त्यांनीच शिकवलंय.

ताकभात | ९:२७
मग बरोबरच आहे. म्हटलं ना, मॅडमची चूक.

पळीपंचपात्र | ९:३१
त्यापेक्षा जपानी घ्यायचं होतं. मी, तू, ते, सगळ्यांना क्रियापद एकच. कटकटच नाही. मी दोन वर्षं करतोय.

शुद्धलेखनकाका | ९:३३
आणि ती कांजी अक्षरं कोण पाठ करणार, तुमचे शेजारी?

पळीपंचपात्र | ९:३४
लिहायचं कुणी सांगितलंय? बोलायला शिका.

ग्वादालाहाराकर | ९:३६
अवांतर दुसऱ्या धाग्यावर न्या. ताई, गोलाशेजारी मॅडमनी काही लिहिलंय का? आणि वाक्य जसंच्या तसं टंका, एकही शब्द न गाळता.

चिंचगुळ | ९:४१
वर 'विविमोस' लिहिलंय. म्हणून तर डोकं फिरलं. तो वर्तमानकाळ आहे! वाक्य असं: "आम्ही साताऱ्यात सात वर्षं राहत होतो. घराला मोठं अंगण होतं. आजी रोज पाच वाजता उठायची." पुढच्या दोन वाक्यांना बरोबरची खूण आहे.

ग्वादालाहाराकर | ९:४४
सात वर्षं! हे आधी सांगायचं ना.

चिंचगुळ | ९:४५
त्याचा काय संबंध? पाच असती तर चाललं असतं का?

ग्वादालाहाराकर | ९:५२
आकड्याचा संबंध नाही, मोजण्याचा आहे. सात वर्षं म्हटलं की तो मुक्काम सुरू झाला, संपला आणि मोजूनही झाला. असा हिशेब पुरा झालेला काळ इन्देफिनिदोत (घडून संपलेल्या गोष्टीच्या भूतकाळात) जातो. म्हणून बिबीमोस सिएते आन्योस. आणि ते वर्तमान नाही. नियमित 'आर' आणि 'इर' क्रियापदांचं 'आम्ही'चं रूप वर्तमानात आणि इन्देफिनिदोत सारखंच दिसतं. 'एर'ला मात्र वेगळं: कोमेमोस म्हणजे खातो, कोमीमोस म्हणजे खाल्लं. 'सात वर्षं' काढून टाकलं असतंत तर तुमचं बिबीयामोस चाललं असतं.

खरा घोटाळा आपल्या मराठीचा आहे. 'राहत होतो' दोन्हीकडे चालतं. 'काल मी दोन तास अभ्यास करत होते' हे आपण सहज म्हणतो, स्पॅनिशमध्ये तिथे एस्तुदिये येतं.

वरवंटा | ९:५८
सोपी युक्ती देते, मी पोरांना हीच सांगते. मराठी वाक्यात 'राहायचो, उठायची' घालून बघायचं. 'आजी पाचला उठायची' कानाला गोड लागतं, म्हणजे लेबान्ताबा. 'आम्ही सात वर्षं राहायचो' खटकतं, म्हणजे इम्पर्फेक्तो नाही.

शुद्धलेखनकाका | १०:०३
आणि 'उठायची'च कशाला? मराठीत अस्सल रीतिभूतकाळ आहे: आजी पाचला उठे, देवळात जाई. स्पॅनिशसारखाच एका शब्दात. आता कुणी बोलत नाही ते सोडा.

ताकभात | १०:०६
वरवंटाताई, युक्ती फसते. 'घराला मोठं अंगण असायचं' मला खटकतं, पण मॅडमनी तिथलं तेनीया (इम्पर्फेक्तोच) बरोबर धरलंय.

वरवंटा | १०:०९
वर्णनाला लावूच नका ना. रंग, उंची, वय, किती वाजले होते, हे सगळं डोळे मिटून इम्पर्फेक्तोत. युक्ती फक्त 'काय करत होते' याला.

ग्वादालाहाराकर | १०:१४
वरवंटाताईंना +१, पण एक पाचर मारतो. ताई, आता तास-वर्षं दिसली की लगेच इन्देफिनिदो लावाल, तसं नको. 'रोज दोन तास अभ्यास करायचो' यातही दोन तास आहेत, तरी एस्तुदिआबामोसच. कारण ते दोन तास रोज नव्याने सुरू होतात, सवय किती दिवस चालली ते कुणी मोजलेलं नाही.

अवांतर: इकडे मेक्सिकोत शाळेच्या पुस्तकांत इम्पर्फेक्तोलाच कोप्रेतेरितो म्हणतात. नाव दिलं काराकासच्या व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी, त्यांच्या १८४७च्या व्याकरणातलं. दुसरं काही घडत असताना सोबत चालू असलेलं, म्हणून 'को'. मला इम्पर्फेक्तोपेक्षा हेच नाव पटतं. अपूर्ण म्हटलं की काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

प्रवासी_पक्षी | १०:२०
स्पेनला जाताय का? शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा, आणि प्रवास विमा विसरू नका.

चिंचगुळ | १०:२२
मी कुठेही जात नाहीये, उद्या सदाशिव पेठेत जातेय.

चिंचगुळ | १०:३१
समजलं. निबंध परत काढला. खाली आणखी एक गोल सापडला: "मी एकदा जिन्यावरून पडायचे" अशा अर्थाचं लिहून बसलेय. लहानपण म्हणून सगळंच इम्पर्फेक्तोत ढकललं. एकदाच पडले होते मी, गुडघ्यावर अजून खूण आहे. सगळ्यांना धन्स. ताकभात, तुमच्या तक्त्यालाही.

ताकभात | १०:३३
हलके घ्या. आणि झोपा आता.

चिंचगुळ | ११:४७
शेवटचं. 'केरीया' बरोबर आहे का?

ग्वादालाहाराकर | ११:४९
ताई. पूर्ण वाक्य.

चिंचगुळ | ११:५०
हॉटेलात जाऊन कॉफी मागायची आहे. आत्ता हवीय, मग भूतकाळ कशाला?

वरवंटा | ११:५३
आपणही दुकानात 'जरा साखर हवी होती' म्हणतो की. तसंच आहे ते.