‘एक्झिट वेस्ट’मधली काळी दारे: प्रवास गाळला की दुःख गाळले?

दादरचा वाचक: मोहसिन हमीद यांच्या ‘एक्झिट वेस्ट’ (२०१७) या कादंबरीतल्या, क्षणात दुसऱ्या देशात नेणाऱ्या जादुई काळ्या दारांमुळे निर्वासितांची कथा उंचावते, असे काल येथे कोणी लिहिले, ते वाचून राहवले नाही. युद्धात सापडलेल्या शहरातले सईद आणि नादिया हे प्रेमी दलालाला पैसे देतात, एका दारात शिरतात आणि थेट ग्रीसच्या मिकोनोस बेटावर निघतात. २०१५ साली भूमध्य समुद्रात हजारो माणसे बुडाली, आणि कादंबरीत तो समुद्रच नाही. ही मला पळवाट वाटते. माझे आजोबा १९४७ साली कराचीहून आगबोटीने मुंबईला आले. डेकवरची ओकारी आणि पाण्यासाठी तांब्या घेऊन लागलेली रांग यांविषयी ते अखेरपर्यंत बोलत असत.

चेंबूरची वाचक: प्रवास वगळला म्हणजे दुःख वगळले, असे होत नाही. सईदची आई मोटारीत कानातले शोधत असताना भरकटलेल्या गोळीने मरते. तेथे कोणतीही जादू नाही. माझी आजीही कराचीचीच, पण बोटीविषयी तिने चकार शब्द काढला नाही. निघायच्या रात्री तिने सवयीने दही विरजून ताटली झाकून ठेवले होते, आणि ते पुढे कोणी खाल्ले असेल, हे ती शेवटपर्यंत विचारत राहिली. तिच्या लेखी ते स्वयंपाकघर आणि मुंबई यांच्यामध्ये एक दारच होते.

कोयनाकाठचा, सध्या घाटकोपर: मला कादंबरीतल्या, अमेरिकेतील पालो अल्टो गावच्या म्हातारीचे प्रकरण सर्वांत भिडले. ती जन्मभर एकाच घरात राहते, पण भोवतालचे सगळे पालटल्यामुळे परकी होते. आमचे गाव कोयना धरणात बुडाले. सरकारदरबारी आम्ही ‘धरणग्रस्त’. निर्वासित आम्हाला कोणीच म्हटले नाही.

उल्हासनगरकर: तेच प्रकरण मला संतापजनक वाटले. आपल्या गावाविषयी मला आदर आहे, परंतु स्वतःच्या घरात म्हातारी झालेली बाई आणि लष्करी बराकीत मध्ये गोणपाट बांधून संसार थाटलेली माझी सिंधी आजी यांना एका पंगतीत बसवणे हा अन्याय आहे. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, तरी लोक अजून ‘कॅम्प’च म्हणतात. शाळेत ‘निर्वासित’ ही मला हाक होती, आपल्याला तो मान वाटतो!

कोयनाकाठचा, सध्या घाटकोपर: मान मी मागितलेला नाही. वडिलांना पाण्याखालचे गाव दाखवता येत नव्हते, एवढेच मी सांगत होतो. हाक म्हणून तो शब्द आपण ऐकला आहे, हे मला ठाऊक नव्हते. तेवढ्यापुरता मी शब्द मागे घेतो, म्हातारीविषयीचे मत नाही.

उल्हासनगरकर: कादंबरीत लंडनच्या रिकाम्या बंगल्यांत शिरलेल्या निर्वासितांवर स्थानिक लोक चालून येतात, ती पाने मात्र खरी आहेत. तेथे पोहोचायला समुद्र लागला की दार, याने मला फरक पडला नाही.

दादरचा वाचक: मला अजूनही पडतो. तरीही चेंबूरच्या ताईंचे विरजण वाचून सईदचे वडील मागेच राहतात तो भाग पुन्हा काढला. माझे पणजोबाही कराचीतच राहिले होते. आजोबा बोटीविषयी इतके बोलले, पण त्यांच्याविषयी कधीच बोलले नाहीत.