मदत हवी आहे: ई-क्लासवर सौर प्रकल्प येतोय, गवताचा माळ कसा राखावा?

नमस्कार मंडळी. मी वाशीम जिल्ह्यात कारंजाकडचा, कोरडवाहू शेतकरी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे गायरानावर, सौर प्रकल्प प्रस्तावित आहे. ग्रामपंचायतीकडे ठराव मागितलाय.

प्रकल्पाला माझा विरोध नाही. हरभऱ्याला रात्री दोन वाजता पाणी द्यायला जाणं काय असतं, ते अंधारात रानडुकरांचा आवाज ऐकत मोटर चालू करणाऱ्यालाच कळतं. या प्रकल्पाने दिवसा लाइन (वीज) मिळणार असेल तर जागा द्यायलाच पाहिजे.

पण कोणती? रस्त्याकडचा भाग मुरमासाठी खोदलेला, तिथे रायमुनिया (घाणेरी) माजलाय. नाल्याकडच्या पसरट माळावर मात्र पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं अजून टिकून आहेत. परवा गावची गुरं राखणाऱ्या ढोरकी मामांनी पवन्याचं ठोंब बोटांनी उकलून दाखवलं. मुळं मुरमाच्या फटीत घट्ट बसलेली आणि खालची माती ओलसर. म्हणाले, "हे हाय म्हून ढोरं दिवाळीपर्यंत कुटारावर (भुशावर) येत नाहीत." काळविटांचा कळपही तिथेच चरतो. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठीच आहे, पण काळवीट हद्द पाहून थोडंच थांबतं? हा माळ गेला की कळप आमच्या तुरीत येणार. आणि नकाशात नेमका हाच भाग घेतलाय, कारण झाडं नाहीत म्हणून तो 'पडीक'! याचंच फार वाईट वाटतं.

ठरावात "खोदलेला भाग घ्या, माळ राखा" असं लिहिता येतं का? वनहक्क कायदा इथे चालेल का? गावची जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद) बाहेरच्या एका संस्थेने केली होती. त्यात आंबा, कडुनिंब सगळं आहे, गवत एकही नाही. ती दुरुस्त होते का?

प्रतिसाद (चंद्रपूरहून):
भाऊ, आधी सातबारा काढा आणि 'गुरचरण' नोंद आहे का ते पाहा. 2006 चा वनहक्क कायदा वनजमिनीपुरता आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो जंगलावर. तुमची ई-क्लास महसुलाची असेल तर तो रस्ता नाही. गायरान राखण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा निकाल आणि राज्याचा 12 जुलै 2011 चा शासन निर्णय वाचा. मात्र सार्वजनिक कामासाठी जमीन देण्याची वाट त्यात मोकळी आहे, म्हणून नुसत्या "देणार नाही"वर भागत नाही. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. पर्यायी जागा गट नंबर आणि हातनकाशासह ठरावातच मांडा, मग तो बाजूला सारणं अवघड जातं.

नोंदवही दुरुस्त होते. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ते काम गावच्या जैवविविधता समितीचंच आहे. गवत फुलोऱ्यात असतानाच नोंदी करा, नंतर ओळख पटत नाही. ढोरकी मामांना समितीत घ्या, ही माझी खास विनंती.

धागाकर्ता:
दादा, मनापासून आभार. सातबारा उद्याच काढतो. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ठरावाचा मसुदा इथे टाकीन, भाषा तपासून द्या. अकोला-वाशीम भागात गवतं ओळखणारं कोणी असेल तर कृपया कळवा. राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी.