ट्रिम, स्प्लिट, कट, डिलीट: सगळ्यांना ‘कापणे’च?

अनुस्वार:
ऑडॅसिटीवर (आवाज कापण्या-जोडण्याचे सॉफ्टवेअर) ध्वनिसंकलन शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपण करायचे आहे. ‘क्लिप’ (आवाजाचा तुकडा) तशीच ठेवावी म्हणते (ती क्लिप, अनेक क्लिपा). अडते ते क्रियापदांशी. बोलताना सगळे नुसते ‘इथे काप’ म्हणतात. वाचणाऱ्याने चारांपैकी कोणती आज्ञा द्यायची? वेगळे शब्द आहेत का?

खरज:
शब्द शोधण्याआधी प्रत्येक आज्ञेला दोन प्रश्न विचारा. आवाज खरोखर जातो की नुसता दिसेनासा होतो? आणि पुढचा भाग जागचा हलतो का?

स्प्लिट (कंट्रोल+आय) केल्यावर काहीच जात नाही, काही हलतही नाही. कर्सरपाशी एका क्लिपच्या दोन होतात, बस. याला ‘दुभागणे’ चांगले. ‘विभाजन’ नको, जिल्ह्याचे केल्यासारखे वाटते. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम नुसते एस दाबून होते.

डिलीटने (कंट्रोल+के) निवडलेला भाग जातो आणि त्याच क्लिपमधला पुढचा आवाज मागे सरकून फट मिटते. कट (कंट्रोल+एक्स) तेच करतो, फक्त तुकडा दुसरीकडे चिकटवायला हाताशी राहतो. म्हणून तो ‘उचलणे’. स्प्लिट डिलीटमध्ये (कंट्रोल+ऑल्ट+के) मात्र फट तशीच राहते. हा फरक टिपणात ठळक लिहा. निवेदन एका ट्रॅकवर आणि संगीत दुसऱ्यावर असताना निवेदनातली 2 सेकंदे साध्या डिलीटने काढली, तर त्या क्लिपमधले पुढचे निवेदन संगीताच्या 2 सेकंद आधी येऊ लागते. सिंक-लॉक (ट्रॅक एकमेकांना बांधून ठेवणारी सोय) चालू असेल तर दोन्ही ट्रॅक बरोबरीने सरकतात. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये हाच भेद शफल (फट मिटते) आणि स्लिप (फट राहते) या मोडांत आहे. ‘फट मिटवून काढणे’ आणि ‘फट ठेवून काढणे’ लांबलचक आहे खरे, पण चुकायला जागा राहत नाही.

शिवणटीप:
ट्रिमला ‘छाटणे’ लिहाल तर फसाल. छाटलेले परत येत नाही. ऑडॅसिटी 3.1 पासून (2021) क्लिपची कड आत ओढली की आवाज फक्त झाकला जातो. कड पुन्हा बाहेर ओढा, जसाच्या तसा परत. हे शिवणातले ‘दुमडणे’ झाले. आणि दुमडून आत राहिलेल्या कापडाला शिंप्यांकडे शब्द तयारच आहे: माया. क्लिपच्या कडेपलीकडे झाकून ठेवलेला आवाज म्हणजे तिची माया.

टेपवाले:
माया! हाच शब्द हवा होता. क्रॉसफेड (एक आवाज मावळताना दुसरा चढत जाणे) का होत नाही, हे त्याने एका वाक्यात सांगता येते: कडेला माया नाही म्हणून. 20 मिलिसेकंदांचा फेड सांध्याच्या मधोमध हवा, तर दोन्ही क्लिपांना सांध्यापलीकडे निदान 10-10 मिलिसेकंदांची माया लागते. म्हणून रेकॉर्डिंग करताना बोलण्याच्या आधी आणि नंतर दोन-तीन सेकंद खोलीची शांतता सोडावी. निवेदनातल्या फटी भरायलाही तीच लागते. तिथे निव्वळ शून्य ठेवले तर मधेच खोली बंद पडल्यासारखी ऐकू येते.

क्रॉसफेड ही कल्पना संगणकाची नव्हे. पाव इंची टेप 45 अंशांत तिरकी कापून जोडत, तेव्हा तो तिरका सांधा म्हणजे क्रॉसफेडच होता. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल तर 6.35 मिलिमीटरचा तो तिरकेपणा साधारण 17 मिलिसेकंदांत हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) जातो. ‘सांधा’ हा शब्द तेव्हाही चाले, आताही चालावा.

फेडचा आकारही सांगा. दोन्ही बाजू एकाच आवाजाच्या, तरंग जुळणारे असतील तर सरळ रेषेचा फेड, मध्यावर दोघी -6 डेसिबलवर. बाजू परस्परांशी संबंध नसलेल्या असतील तर समान शक्तीचा (दोन्हींची मिळून शक्ती कायम राहील असा वक्र), मध्यावर -3. उलटे केले तर पहिल्या ठिकाणी आवाज 3 डेसिबलपर्यंत फुगतो, दुसऱ्या ठिकाणी तेवढाच खचतो.

अनुस्वार:
सांध्यावर ‘टक्’ वाजते त्याला काय म्हणू? क्लिक?

खरज:
‘टक्’च म्हणा की. दोन बाजूंची पातळी जुळत नाही, तरंग एका उडीत वरखाली जातो, ती उडी वाजते. झेड दाबले की निवडीच्या कडा जवळच्या शून्यछेदावर (तरंग शून्य रेषा ओलांडतो तिथे) जातात. पण स्टिरिओत डावी-उजवी बाजू एकाच क्षणी शून्यावर असेलच असे नाही, म्हणून 5 ते 10 मिलिसेकंदांचा फेड जास्त भरवशाचा.

टेपवाले:
आणि मराठी निवेदन असेल तर कुठे दुभागायचे हे अक्षरावर ठरवा. क, ट, प यांच्या आधी तोंडातली हवेची वाट बंद होते आणि आवाज क्षणभर पूर्ण थांबतो. सांध्याला याहून चांगली जागा नाही. ग, ड, ब यांच्या आधी गळ्याची गुणगुण चालूच असते, तिथे टक् येण्याचा धोका जास्त. श आणि स यांची सुरुवात तर मुळीच खाऊ नका. घर्षण हळूहळू चढण्याऐवजी एकदम सुरू झाले की कानाला च ऐकू येतो: ‘शहा’चा ‘चहा’, ‘सारा’चा ‘चारा’. ख, थ यांच्यामागचा श्वास कापला गेला तर ‘खाली’ची ‘काली’ होते.

शिवणटीप:
एक घोळ राहिला. ‘आवाज क्लिप झाला’ असेही लोक म्हणतात. तो वेगळा अर्थ: पातळी मर्यादेबाहेर गेल्याने तरंगाचे शेंडे सपाट होणे. त्याला ‘आवाज फाटला’ लिहा, म्हणजे ‘क्लिप’ तुकड्यापुरती मोकळी राहील. 32 बिट फ्लोट प्रकल्पात (यात मर्यादेपलीकडचे आकडेही जपले जातात) 0 डेसिबलच्या, म्हणजे मर्यादेच्या, वर गेलेला आवाज निर्यातीआधी खाली आणून वाचवता येतो. रेकॉर्ड होतानाच फाटलेला मात्र वाचवता येत नाही.

अनुस्वार:
प्रकल्पाची फाइल दुसऱ्याला दिली तर माया बरोबर जाते?

खरज:
जाते. घेणारा कड ओढून दुमडलेले सगळे ऐकू शकतो. मुलाखतीतला वगळलेला भाग खासगी असेल तर प्रकल्पाची फाइल देऊ नका, वेव्ह (नुसत्या आवाजाची फाइल) निर्यात करून ती द्या.