डेटाबेसची कंपनी विकली गेली, तर मुक्तस्रोत परवाना कितपत वाचवतो?

रकानाकर

मुक्तस्रोत डेटाबेसची मालक कंपनी एखाद्या बड्या कंपनीनं घेतली की दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘जीपीएल आहे (कोड खुलाच ठेवायला लावणारा परवाना), कोड समोर आहे, फोर्क करू (तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढू).’ दुसरा म्हणतो, ‘मायएसक्यूएलचं काय झालं ते आठवा.’ दोन्ही वाक्यं ऐकून कान किटले. मला तपशील हवाय:

१) परवाना तसाच राहिला तरी खरेदीदार नेमकं काय बिघडवू शकतो?
२) एखादा प्रकल्प किती धोक्यात आहे हे आधी कसं ओळखायचं?
३) मायएसक्यूएल ८.० ला दुरुस्त्या मिळण्याची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच. पुढच्या ८.४ ऐवजी मारियाडीबी या त्याच्या फोर्कवर जायचं, तर डेटा सरळ जातो का?

मुद्दलदार

पहिल्याचं उत्तर २००५ मध्येच मिळालं होतं. त्या ऑक्टोबरात ओरॅकलनं इनोबेस नावाची छोटी फिनिश कंपनी घेतली. मायएसक्यूएलचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन (प्रत्यक्ष डेटा साठवणारा भाग) तिचं. इनोडीबी जीपीएलखाली होतंच, त्यामुळे वापरणाऱ्याचं काहीच अडलं नाही. अडलं ते मायएसक्यूएल कंपनीचं. तिचा धंदा दुहेरी परवान्यावर चालायचा: जीपीएल पाळणार असाल तर फुकट, आपल्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये घालून विकायचं असेल तर पैसे देऊन व्यावसायिक परवाना. हा दुसरा परवाना विकायचा तर सगळ्या कोडचे हक्क हातात लागतात, आणि इनोडीबीचे हक्क कराराने इनोबेसकडून यायचे. तो करार आता प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर. पुढे त्याचं नूतनीकरण झालं खरं, पण कंपनीला फाल्कन नावाचं पर्यायी इंजिन बांधायला घ्यावं लागलं.

म्हणजे जीपीएल वापरणाऱ्याला राखतो. ज्या उत्पन्नातून कोड लिहिणाऱ्यांचे पगार निघतात, त्याला राखत नाही. फोर्कचंही तेच. २००९ मध्ये मारियाडीबी निघाली, पण मायएसक्यूएलच्या मूळ कोडवर व्यावसायिक परवाना विकण्याचा हक्क तिला नाही. तो मालकासोबत गेला. मायएसक्यूएल तेव्हा सन कंपनीच्या मालकीचं होतं आणि ओरॅकल सन विकत घेत होती; युरोपीय आयोगापुढे हाच मुद्दा गाजला. ओरॅकलनं १४ डिसेंबर २००९ ला १० जाहीर आश्वासनं दिली, २१ जानेवारी २०१० ला सन खरेदीला मंजुरी मिळाली. आश्वासनांची मुदत ५ वर्षांची होती, म्हणजे ती कधीच संपली. अशा आश्वासनांत आधी मुदत वाचावी, मजकूर नंतर.

बाकी बिघाड सावकाश होतो. नाव ट्रेडमार्कखाली असतं, फोर्कला ते मिळत नाही. मायएसक्यूएलचं मॅन्युअल जीपीएलखाली नाही, म्हणून मारियाडीबीला दस्तऐवज वेगळे उभारावे लागले. २०१२ मध्ये सुरक्षा दुरुस्त्यांसोबतच्या चाचण्या कोडबरोबर येणं थांबलं. परवान्याचा भंग कुठेच नाही, पण दुरुस्ती नेमकी कशाची हे बाहेरच्यानं ओळखत बसायचं.

आणि बर्कली डीबी हा दुसरा मुक्तस्रोत डेटाबेस. ओरॅकलनं ती २००६ मध्ये घेतली, २०१३ मध्ये ६.० आवृत्ती एजीपीएलवर (नेटवर्कवरून सेवा देणाऱ्यालाही कोड खुला करायला लावणाऱ्या परवान्यावर) नेली. डेबियन हे लिनक्स वितरण ५.३ वरच थांबलं. खरेदी आणि फटका यांत सात वर्षं! ‘घेऊन दोन वर्षं झाली, काही झालं नाही’ याला काही अर्थ नाही.

फांदीवरून

मुद्दलदारांना एक पुरवणी: परवाना बदलायला कंपनी विकली जावीच लागते असं नाही, आणि हक्क लिहून घेतलेले असावेच लागतात असंही नाही. रेडिस हा मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस बीएसडी परवान्याखाली होता. २० मार्च २०२४ ला कंपनीनं ७.४ पासून पुढचा कोड दोन निर्बंधवाल्या परवान्यांवर नेला. बीएसडी कुणालाही पुढची आवृत्ती बंद करू देतो, मालकालाही. आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ७.२.४ पासून व्हॅल्की नावाचं फोर्क फुटलं. मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएलचा पर्याय आला, पण तोवर फोर्क स्थिरावलं होतं.

यात व्यवहाराची गोम आहे ती फायलीच्या आवृत्तीत. रेडिस ७.२ ची आरडीबी फाइल (डेटाची डिस्कवरची प्रत) व्हॅल्की वाचतं. ७.४ नं त्या फाइलचा आवृत्ती क्रमांक ११ वरून १२ केला, आणि ती व्हॅल्की ७.२ किंवा ८.० ला दिली तर सर्व्हर उभाच राहत नाही. रेप्लिकेशननं (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्याला सतत पाठवून) न्यायचं म्हटलं तरी सुरुवातीला तीच फाइल जाते. एकेक नोंद डंप करून रिस्टोअर करायला गेलात, तर निघालेल्या बायनरी मजकुराच्या शेपटीत तोच क्रमांक असतो आणि ‘आवृत्ती किंवा चेकसम चूक’ अशी त्रुटी येते. मग एकेक की (नोंद) वाचून साध्या लेखन आज्ञांनी भरायची, आणि टीटीएल (ती किती वेळ टिकावी ती मुदत) वेगळा लावायचा. तो विसरलात तर मुदतीच्या कीज कायमच्या होऊन बसतात आणि मेमरी फुगत जाते.

म्हणून परवान्याची बातमी आली की सगळ्यात आधी आपोआप होणारं अपग्रेड थांबवा. कंटेनर इमेजचा टॅग ‘लेटेस्ट’ असेल तर नेमक्या क्रमांकावर बांधा. बाकी चर्चा नंतर.

पानशून्य

दुसऱ्या प्रश्नासाठी चार गोष्टी पाहते: हक्क कुणाकडे, नाव कुणाकडे, पगार कोण देतं, आणि निर्णय कोण घेतं. पहिल्या दोन पानभर वाचनात कळतात. पॅच (कोडमधला बदल) देण्याआधी हक्क सोपवणारा किंवा हवा तसा परवाना लावू देणारा करार सही करून मागत असतील, तर उद्याच्या बदलाचा रस्ता आजच मोकळा आहे. ‘हा कोड द्यायचा मला अधिकार आहे’ एवढीच साइन-ऑफची ओळ मागत असतील, तर हक्क शेकडो जणांत विखुरलेले राहतात. जीपीएलसारखा कॉपीलेफ्ट परवाना असेल तर मग तो बदलणं जवळजवळ अशक्य.

पगारासाठी गेल्या १२ महिन्यांच्या गिट लॉगमधून (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीतून) लेखकांचे ईमेल काढा, ‘@’ नंतरचा भाग वेगळा करून मोजा. मर्ज कमिट (दोन फांद्या नुसत्या जोडणाऱ्या नोंदी) वगळा. एकाच कंपनीचं डोमेन तीनचतुर्थांशाच्या वर गेलं तर मी त्याला त्या कंपनीचं उत्पादन मानते, परवाना काहीही असो. हा ठोकताळा आहे, नियम नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसला तो लागूही पडत नाही: तिथे लेखक म्हणून गिटमध्ये कमिटरचंच (बदल कोडमध्ये चढवणाऱ्याचंच) नाव येतं, खरा लेखक संदेशातल्या ‘ऑथर’ ओळीत असतो. नुसतं मोजाल तर मूठभर माणसंच सगळं लिहितात असं वाटेल.

निर्णय कोण घेतं यालाही पोस्टग्रेसचंच उदाहरण घ्या. कोअर टीममध्ये एका कंपनीचे लोक निम्म्याहून जास्त नसावेत, असा त्यांचा अलिखित संकेत. सप्टेंबर २०२० मध्ये पोस्टग्रेसवरच चालणाऱ्या दोन कंपन्यांपैकी ईडीबीनं सेकंडक्वाड्रंट घेतली आणि रातोरात पाचपैकी तीन सदस्य एकाच कंपनीचे झाले. टीमनं ते स्वतःहून जाहीर केलं आणि नोव्हेंबरात बाहेरचे दोन सदस्य घेतले. सातात तीन, प्रश्न मिटला. २०२५ मध्ये डेटाब्रिक्सनं निऑन आणि स्नोफ्लेकनं क्रंची डेटा या पोस्टग्रेसवर धंदा करणाऱ्या कंपन्या घेतल्या, तरी पोस्टग्रेसच्या परवान्याला धक्का नाही, कारण विकत घ्यायला ‘पोस्टग्रेस’ नावाची कंपनीच नाही. मात्र भोवतालची एक्स्टेन्शन्स, बॅकअपची साधनं, ऑपरेटर (डेटाबेस आपोआप चालवणारी साधनं) यांची मोजणी वेगळी करा. गाभा सुरक्षित आणि बॅकअपचं साधन एका कंपनीच्या दोन माणसांवर, असं सर्रास असतं.

अर्धविराम

तिसरा प्रश्न. सरळ जात नाही. ५.७ पर्यंत डेटा डिरेक्टरी तशीच ठेवून वर मारियाडीबी चढवता यायची. ८.० नं तक्त्यांच्या व्याख्या एफआरएम फायलींतून काढून इनोडीबीच्या आतल्या डेटा डिक्शनरीत नेल्या, मारियाडीबी अजून एफआरएमवर आहे. त्यामुळे डंप (सगळ्या डेटाची एसक्यूएल मजकुरातली प्रत) काढून भरणं एवढाच मार्ग. डंपमध्ये सिंगल-ट्रान्झॅक्शन, रूटीन्स, ट्रिगर्स, इव्हेंट्स हे पर्याय लावा आणि जीटीआयडी-पर्ज्ड बंद ठेवा; दोघांच्या जीटीआयडीची (प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या ओळख-क्रमांकाची) रचनाच वेगळी आहे. ‘मायएसक्यूएल’ हा सिस्टिम डेटाबेस नेऊच नका. युजर नव्यानं बनवा.

मग पहिली ठेच कोलेशनची, म्हणजे मजकुराची तुलना आणि क्रम ठरवणाऱ्या नियमांची. ८.० चं मूळ कोलेशन नावात ‘०९००’ असलेलं. मारियाडीबीच्या जुन्या आवृत्त्या त्यावर त्रुटी १२७३ देतात. बहुतेक जण डंपमध्ये शोधून तिथे ‘युनिकोड ५२०’ वालं कोलेशन टाकतात, आणि पुढे त्रुटी १०६२ येते: डुप्लिकेट एन्ट्री. डेटा तर बदललेला नाही!

कारण असं: ०९०० वाली कोलेशन्स शब्दाच्या शेवटची मोकळी जागा मोजतात, ५२० वालं मोजत नाही. युनिक रकान्यात ‘अआइ’ आणि शेवटी स्पेस असलेलं ‘अआइ ’ अशा दोन नोंदी सुखाने नांदत होत्या, त्या आता एकच ठरतात. डंप काढण्याआधी प्रत्येक युनिक मजकूर-रकान्यावर एक क्वेरी चालवा: जिथे रकान्याची अक्षरसंख्या आणि आरट्रिम केल्यावरची (शेवटची मोकळी जागा काढल्यावरची) अक्षरसंख्या वेगळी येते, त्या ओळी दाखव. ओळी कमी असतील तर साफ करा. जास्त असतील किंवा ती स्पेस मुद्दाम असेल, तर मारियाडीबीत ५२० चंच, शेवटची जागा मोजणारं ‘नोपॅड’ रूप आहे, ते वापरा.

रकानाकर

हे कामाचं. जेसन रकाने?

अर्धविराम

मारियाडीबीत जेसन (की आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर) म्हणजे लाँगटेक्स्ट आणि त्यावर वैधतेची तपासणी. मायएसक्यूएल बायनरी रूपात ठेवतं आणि कीज स्वतःच्या क्रमानं लावतं. मारियाडीबी मजकूर द्याल तसाच ठेवते. त्यामुळे जेसनची दोन मूल्यं सरळ बरोबरीच्या चिन्हानं ताडून पाहणाऱ्या क्वेरी चुकतात, त्याही त्रुटी न देता. बाणाच्या चिन्हानं आतलं मूल्य काढणाऱ्या क्वेरी एक्स्ट्रॅक्ट आणि अनकोट फंक्शनं वापरून लिहा. बाणवाल्या निदान वाक्यरचनेच्या त्रुटीनं पकडल्या जातात. बरोबरीवाल्या तुम्हालाच कोडमधून शोधाव्या लागतील.